जुन्या शेवरोले सी-10 ची मागची बाजू खाली आणताना

जुनी अमेरिकन पिकअप रिकामी उभी असली की मागून उंच दिसते. ती तशीच बनवलेली आहे. हौद्यात अर्ध्या टनाचा माल पडला की पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, दबावेत आणि गाडी सपाट बसावी, हा कारखान्याचा हिशेब. आज 1973 ते 1987 मधली सी-10 हौसेने विकत घेणारा माणूस तिच्यात सिमेंटच्या गोण्या क्वचितच भरतो. त्याला ती गाडी रस्त्यालगत बसलेली हवी असते, चाकाच्या कमानीत टायर नीट भरलेला हवा असतो. टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात अशा गाड्या रोज दिसतात, आणि तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी ज्यांना हाताने काम करायची आवड आहे त्यांच्या गॅरेजमध्येही आता एखादी दिसते. पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. इंजिनचं तेल बदलता येतं, ब्रेक उघडून पाहिलेत, पण पाट्यांना कधी हात लावलेला नाही, असा वाचक समोर धरला आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. गाडी किती इंच खाली आली हा आकडा लोक एकमेकांना सांगतात. गाडी चालवताना मात्र दुसराच आकडा कामाला येतो. एक्सलच्या नळीचा वरचा काठ आणि त्याच्या डोक्यावरची चासी, या दोघांमध्ये किती जागा उरली, तो. खड्ड्यात चाक वर उचललं जातं तेव्हा एक्सल तेवढंच वर येऊ शकतं. जागा संपली की लोखंड लोखंडावर आदळतं, मागची चाकं रस्ता सोडतात आणि वळणावर हे झालं तर गाडी बाजूला सरकते. पुढचं सगळं काम ही जागा राखण्यासाठी आहे, असं समजूनच वाचा.

आपली गाडी कुठली ते ओळखा

गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा आणि बघा. 1973 पासूनच्या टू-व्हील ड्राइव्ह सी-10 ला मागे पाटे असतात. एक्सल पाट्यांच्या खाली असतं, म्हणजे पाटे एक्सलवर बसलेले आणि यू-बोल्टने आवळलेले. 1987 मध्ये नाव आर-10 झालं, खालची बनावट तीच राहिली. 1967 ते 1972 च्या शेवरोले सी-10 ला मात्र बहुतेक वेळा कॉइल स्प्रिंग आणि एक्सलला पुढून धरणारे दोन लांब दांडे, म्हणजे ट्रेलिंग आर्म, असतात, तर त्याच काळातल्या जीएमसीच्या गाड्यांना साधारणपणे पाटे. त्या कॉइलवाल्या गाडीचं काम वेगळं आणि थोडं सोपं आहे: आखूड कॉइल घालायच्या, शॉकची जागा बदलायची, आणि पॅनहार्ड रॉड, म्हणजे एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा, लांब आणि कमीजास्त करता येणारा घ्यायचा. मूळचा रॉड आखूड असतो, त्यामुळे गाडी खाली येते तसा तो एक्सलला एका बाजूला ढकलतो आणि एका बाजूचं चाक फेंडरच्या जवळ जातं. कॉइल कापणं किंवा गॅसने तापवून बसवणं हे करू नका. तापवलेल्या स्प्रिंगचं पाणी उतरतं आणि ती कधी, किती बसेल हे कोणाच्या हातात राहत नाही.

इथून पुढे पाट्यांच्या सी-10 बद्दल.

आणखी एक गोष्ट आत्ताच बघा: तुमचा हौदा आखूड की लांब? आखूड हौद्याच्या गाडीचा व्हीलबेस 117.5 इंच, लांबचा 131.5 इंच. लांब गाडीत प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या एक्सलला नेणारा फिरता दांडा, दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये एक बेअरिंग असतं. शाफ्टचे कोन जुळवताना याने फरक पडतो.

किती खाली, आणि कशाने

मागची बाजू खाली आणायचे तीन सरळ रस्ते आहेत.

पहिला, पाट्यांच्या मागच्या टोकाचे शॅकल (झुलते दुवे) आणि पुढचे हँगर (चासीवरचे पक्के ब्रॅकेट) बदलणं. इथे एक हिशेब लक्षात ठेवा: पाट्याचं एकच टोक चासीच्या दिशेने 2 इंच वर नेलं तर मधल्या एक्सलच्या जागी गाडी साधारण 1 इंचच खाली येते. शिवाय एकच टोक हललं की पाटा तिरका होतो आणि डिफरन्शियलचं नाकही, म्हणजे शाफ्ट जोडला जातो ते पुढचं टोक, वळतं. दोन्ही टोकं बदलली तर उतार, म्हणजे गाडी खाली येण्याचं माप, चांगला मिळतो, पण मूळ हँगर रिव्हेटने ठोकलेले असतात. रिव्हेटचं डोकं ग्राइंडरने उडवून, मधोमध ड्रिल मारून, छन्नीने बाहेर काढावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही.

दुसरा रस्ता म्हणजे पाटेच बदलणं, कमी कमान असलेले नवे पाटे घालणं. गाडी आरामदार चालते, खर्च जास्त. जुन्या पाट्यांतले एक-दोन पाटे काढून टाकून गाडी बसवायची युक्ती काहीजण सांगतात, ती नको. उरलेले पाटे जोर दिला की वळतात, एक्सल पिळलं जातं आणि गाडी निघताना मागून थडथडते.

तिसरा रस्ता फ्लिपचा. एक्सल पाट्यांच्या खालून काढून पाट्यांच्या वर बसवायचं. सी-10 साठी मला हाच सगळ्यात समजायला सोपा वाटतो, कारण उतार कुठून येतो ते डोळ्याने दिसतं: एक्सलची नळी सुमारे 3 इंच जाड, त्यात पाट्यांच्या थराची जाडी आणि बसण्याच्या तुकड्यांची जाडी मिळवा, की 5 ते 6 इंच उतार होतो. पाटे तेच राहतात, त्यांची ताकद तीच राहते. पण 6 इंच खाली आलेल्या एक्सलच्या डोक्यावर जागा जवळजवळ उरतच नाही. म्हणून फ्लिपबरोबर चासीला खाच पाडावी लागते, तिला तिकडे सी-नॉच म्हणतात. फ्लिप घेतला आणि खाच घेतली नाही, असं करू नका. बेलटेक, डीजेएम, मॅकगॉगीज असे बनवणारे या गाडीसाठी तयार संच विकतात. बऱ्याच संचांत दोन्ही गोष्टी असतात. घेताना यादी नीट वाचा.

दुकानात किंवा मित्रांत '4/6' असं ऐकू येईल. पहिला आकडा पुढच्या बाजूचा उतार, दुसरा मागचा, इंचांत. मागचं मूळचं उंच असल्यामुळे ते नेहमी जास्त उतरवतात. पुढचं काम करायचं ठरलेलं असेल तर ते आधी करा. पुढची उंची बदलली की सगळ्या चासीचा तिरपेपणा बदलतो आणि मागे मोजलेले कोन परत मोजावे लागतात.

एक्सल पाट्यांच्या खाली असताना मध्ये ठोकळा घातला तर गाडी खाली न येता वर जाते. 'लोअरिंग ब्लॉक' अशा नावाने मिळणारे ठोकळे फ्लिप झाल्यावरच, म्हणजे एक्सल वर आल्यावरच उतार देतात. नवखी माणसं इथे पैसे घालवतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

कायद्याचंही बघून घ्या. कॅलिफोर्नियात रिमच्या खालच्या काठापेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली येईल असे बदल करायला मनाई होती. तो नियम 1 जानेवारी 2024 पासून गेला. इतर राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, आपल्या राज्याचे वाचा. आणि हे वाचून पुण्यात किंवा कोल्हापुरात कोणाला आपल्या पिकअपवर प्रयोग करावासा वाटला, तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. तिथे हे काम खाजगी जागेतल्या किंवा प्रदर्शनाच्या गाडीपुरतं.

आदल्या दिवशी

सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. यू-बोल्टच्या नटांवर, पाट्यांच्या दोन्ही टोकांच्या बोल्टवर, शॉकच्या बोल्टवर. 40 वर्षांचा गंज एका फवाऱ्याने सुटत नाही, सकाळी एकदा आणि रात्री एकदा मारा. चासीही आत्ताच तपासा. मागच्या चाकांच्या वर वायरब्रशने घासा, हातोडीने हलके ठोकत जा. आवाज बसका आला, पापुद्रे निघाले, तर आधी त्या जागेची दुरुस्ती. गंजक्या चासीला खाच पाडणं म्हणजे ती मोडायला बोलावणं.

मग मापं घ्या. सपाट जमीन, टायरमध्ये बरोबर हवा, हौदा रिकामा. जमिनीपासून फेंडरच्या काठापर्यंत, आणि एक्सलच्या नळीपासून चासीच्या खालच्या काठापर्यंत, दोन्ही बाजूंना. डिजिटल कोनमापक असेल तर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचा आणि डिफरन्शियलच्या नाकाचा कोनही लिहून ठेवा. वहीत लिहा, फोनवर फोटो काढा. ब्रेकच्या पाइपांचा मार्ग, हँडब्रेकच्या तारा, सायलेन्सरचा पाइप कुठून जातो, सगळ्याचे फोटो.

हत्यारांत नेहमीच्या पान्यांखेरीज टॉर्क पाना, दोन मजबूत जॅक, 3 टनांच्या चार घोड्या (जॅक स्टँड), कापायचं चाक लावलेला ग्राइंडर, चांगली ड्रिल आणि मोठे सी-क्लॅम्प लागतील. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे. आणि मदतीला एक माणूस, ब्रेकसकटचं एक्सल एकट्याने उचलायचं नसतं.

उचलणं आणि सोडणं

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावा. मागची बाजू उचलून घोड्या चासीखाली ठेवा, मागच्या पाट्यांच्या पुढच्या हँगरच्या थोडं पुढे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका. घोड्या लागल्यावर गाडीला बाजूने धक्का देऊन बघा. हलली तर पुन्हा बसवा.

स्टेपनी मागे हौद्याखाली टांगलेली असते, ती काढली की कामाला भरपूर जागा होते. जमत असेल तर हौदाच काढा. आठ बोल्ट, पेट्रोल भरायच्या नळ्या, मागच्या दिव्यांची वायर, आणि चार माणसं. खाच पाडताना वरून उजेड मिळतो, ड्रिल सरळ धरता येते. हौदा न काढताही होतं, पण मी काढण्याच्याच बाजूचा आहे.

आता या गाडीची एक खास बाब. 1973 ते 1987 च्या या पिकअपमध्ये पेट्रोलच्या टाक्या चासीच्या बाहेरच्या बाजूला, केबिनच्या मागे हौद्याखाली असतात. तुम्ही ग्राइंडर चालवणार ती जागा टाकीपासून हातभर अंतरावर. ठिणग्या तिकडेच उडतात. टाकी रिकामी करून काढून ठेवणं उत्तम. रिकामी टाकीही गाडीजवळ ठेवू नका, आत राहिलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. शेजारी अग्निशामक नळकांडं हवंच.

प्रोपेलर शाफ्ट मागून सोडण्याआधी शाफ्टवर आणि नाकाच्या योकवर (शाफ्ट जोडायच्या दुबेळक्यावर) पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे परत तसाच बसवता येईल. क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्याच्या, वाट्या टेपने बांधून ठेवा, नाहीतर आतल्या सुया सांडतात. चासीवरून एक्सलवर येणारा ब्रेकचा रबरी पाइप आणि हँडब्रेकच्या तारा सोडा. शॉक खालून सोडा. एक्सलखाली दोन्ही बाजूंना जॅक घ्या आणि मग यू-बोल्ट. जुने यू-बोल्ट परत वापरायचे नसतात. त्यांचे आटे एकदा ताणलेले असतात, म्हणून गंजले असतील तर कापून टाका. आता एक्सल हळूहळू खाली घ्या, बाजूला ओढून ठेवा. शेवटी पाटे उतरवा. पुढचा बोल्ट टाकीला अडत असेल तर टाकी काढलेली असण्याचा इथे फायदा होतो.

पाटे जमिनीवर आले की टोकांच्या रबरी बुशा बघा. चिरा पडलेल्या असतील तर आत्ताच नव्या घाला. गाडी पुन्हा याच कारणासाठी कोणी उघडत नाही.

सेंटर बोल्ट

इथे थांबून नीट बघा, कारण फ्लिपमध्ये सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पाट्यांचा थर मधोमध एका बोल्टने एकत्र धरलेला असतो. त्याचं गोल डोकं थराच्या बाहेर येतं आणि एक्सलवरच्या बैठकीतल्या भोकात जाऊन बसतं. एक्सल पुढेमागे सरकू न देणारी गोष्ट ही. यू-बोल्ट दाबून धरतात, जागा ठरवतं ते डोकं. मूळ मांडणीत पाटे एक्सलच्या वर असल्यामुळे डोकं खालच्या दिशेला असतं. फ्लिपनंतर एक्सल वर येतं, त्यामुळे डोकंही वर हवं. म्हणजे बोल्ट उलटा करावा लागतो.

पाटे एका मजबूत टेबलावर ठेवा. बोल्टच्या दोन्ही बाजूंना मोठे सी-क्लॅम्प लावून घट्ट आवळा. क्लॅम्पशिवाय बोल्ट काढला तर दबून बसलेले पाटे उसळतात आणि बोटं सापडतात. नवा बोल्ट घ्या, त्याच जाडीचा, डोकं मुख्य, म्हणजे सगळ्यात वरच्या, पाट्याच्या बाजूला येईल असा वरून खाली घाला, नट आवळा आणि उरलेला आटा संचाच्या खालच्या प्लेटमध्ये सामावतो का ते बघा. काही संचांत यासाठी वेगळी तजवीज असते, म्हणून सोबतचा कागद वाचा. बसवल्यावर डोकं नव्या बैठकीच्या भोकात पूर्ण गेलं आहे की काठावर टेकलं आहे हे बोट फिरवून बघा. काठावर टेकलेलं असेल तर यू-बोल्ट आवळताना सगळं घट्ट झाल्यासारखं वाटतं, आणि पहिल्या जोरदार ब्रेकला एक्सल एका बाजूने सरकतं.

खाच

पाटे परत चढवायच्या आधी खाच पाडून घ्या, कारण आत्ता जागा मोकळी आहे. जागा ठरवताना एक्सलचं मधलं केंद्र कुठे येणार ते पाट्याच्या सेंटर बोल्टवरून मिळतं. पाटा तात्पुरता टांगून त्या रेषेवर चासीवर खूण करा, मग संचातली खाचेची पट्टी त्या खुणेवर मधोमध धरा आणि आतून खडूने रेघ मारा. दुसऱ्या बाजूची जागा नुसती पहिलीवरून आरशासारखी मापून न घेता स्वतंत्रपणे काढा. जुन्या चासीच्या दोन बाजूंत थोडा फरक सापडतोच.

चासीच्या आतल्या बाजूने ब्रेकचा पाइप आणि वायरिंग जातं. ते क्लिपांतून सोडून बाजूला बांधा आणि मध्ये जाड पत्र्याचा तुकडा धरा.

आता कापायचं. आधी खाचेच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत मोठी भोकं पाडा, मग एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत कापा. टोकदार कोपरा ठेवला तर चासी तिथूनच चिरते. गोल कोपऱ्यात ताण विभागला जातो. चासीचा खालचा आडवा काठ आणि उभ्या भागाचा तुकडा मिळून साधारण 3 इंचांची खाच होते. एका बाजूची खाच कापून, पट्टी बसवून, बोल्ट आवळून मगच दुसऱ्या बाजूकडे वळा. दोन्ही बाजू एकदम कापून ठेवल्या तर चासी वाकू शकते.

पट्टीचे बोल्ट ग्रेड 8 चे असावेत. डोक्यावर सहा रेघा असतात. तीन रेघांचा म्हणजे ग्रेड 5, तो इथे नको. पट्टीच्या भोकांतूनच ड्रिल मारा, म्हणजे बोल्ट ढिले बसणार नाहीत. कापलेल्या कडा कानशीने गुळगुळीत करा, गंजरोधक रंग लावा आणि मग आवळा. वेल्डिंग करायचं असेल तर चासीचं वेल्डिंग येणाऱ्याकडूनच करून घ्या. वरवरची ओळ दिसायला छान असते, पण चासीत ती आतपर्यंत गेली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही.

बसवणं

आता उलटा क्रम. एक्सल चासीखाली आणून वर उचला, पाटे त्याच्या खालून घ्या, टोकांचे बोल्ट घाला पण घट्ट करू नका. बैठक एक्सलच्या नळीखाली, पाट्याच्या वर; सेंटर बोल्टचं डोकं भोकात; मग नवे यू-बोल्ट आणि खालची प्लेट. चारही नट थोडे थोडे, तिरप्या क्रमाने आवळा, एकदम एकच नट ओढू नका. शेवटचा टॉर्क संचाच्या कागदात दिलेला तोच.

पाट्यांच्या टोकांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पक्के करायचे. रबरी बुश आवळली की ज्या स्थितीत आवळली तीच तिची विश्रांतीची जागा होते. गाडी हवेत लटकत असताना आवळली, तर खाली उतरल्यावर ती कायम पिळलेली राहते, लवकर फाटते आणि गाडी अपेक्षेपेक्षा उंच बसते.

शॉक जुने चालत नाहीत. उतरलेल्या गाडीत जुना शॉक जवळजवळ मिटलेल्या अवस्थेत उभा राहतो आणि खड्ड्यात तळाला लागतो. आखूड शॉक घ्या किंवा संचातल्या ब्रॅकेटने जागा बदला. गाडी उभी असताना शॉक त्याच्या प्रवासाच्या मधल्या भागात असावा. खाचेत बसणारं ठेंगणं बंपस्टॉप रबर लावायला विसरू नका. लोखंडाच्या आधी रबर टेकायला हवं.

ब्रेकचा रबरी पाइप एक्सल पूर्ण खाली लटकलं तरी ताणला जात नाही ना, आणि पूर्ण वर आलं तरी कुठे घासत नाही ना, ते बघा. मग ब्रेकची हवा काढा. एक्सलवरून जाणारा सायलेन्सरचा पाइप आता बसत नाही. तो एक्सलच्या आधीच बाजूला काढता येतो, पण तोंड हौद्याच्या काठाबाहेर आणा. केबिनखाली धूर सोडायचा नसतो.

नाकाचा कोन

गाडी खाली उतरवा, पुढेमागे थोडी ढकला, हौद्यावर दाबून सोडा, म्हणजे पाटे आपली जागा घेतील. टोकांचे बोल्ट आवळा. आता कोन.

प्रोपेलर शाफ्टचे दोन क्रॉस कोनात फिरताना शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत थोडा कमीजास्त करतात. पुढच्या क्रॉसने बिघडवलेलं मागच्याने बरोबर त्याच मापात परत आणलं तर धडधड जाणवत नाही. म्हणून गिअरबॉक्सचं मागचं टोक आणि डिफरन्शियलचं नाक जवळजवळ समांतर असावेत. समजा गिअरबॉक्सचं टोक मागे 3 अंश खाली झुकलं आहे. तर नाक पुढे 3 अंश वर असलं की दोन्ही समांतर. पण पाट्यांच्या गाडीत जोर दिला की नाक आणखी वर उचललं जातं, म्हणून उभ्या गाडीत ते 1 ते 2 अंश कमी ठेवतात, या उदाहरणात 1 किंवा 2 अंश वर. लांब हौद्याच्या गाडीत दोन तुकड्यांचा शाफ्ट असल्यामुळे मधल्या बेअरिंगची उंचीही जुळवावी लागते. तिथे बेअरिंगखाली पट्ट्या घालून कोन कमी करतात.

फरक असेल तर पाट्यावर आणि बैठकीमध्ये पाचरीसारखी तिरपी पट्टी घालतात, 2 किंवा 4 अंशांची. पोलादी घ्या, ॲल्युमिनियमची दबते आणि यू-बोल्ट सैल होतात. एक्सल आता पाट्याच्या वर आहे, त्यामुळे नाक खाली करायचं तर पट्टीचा जाड भाग मागे, वर करायचं तर पुढे. मूळ मांडणीसाठी दिलेल्या सूचना वाचल्या असतील तर त्या इथे उलट लागतात.

शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्समध्ये किती आत गेलं आहे तेही तपासा. पूर्ण आत टेकलेलं नसावं. पाऊण ते एक इंच बाहेर राहायला हवं, कारण खड्ड्यात ते आणखी आत जातं. कमी उरलं तर शाफ्ट आखूड करून आणि तोलून घ्यावा लागतो. हे काम शाफ्टच्या दुकानाचंच.

पहिली फेरी

आधी सावकाश, घराभोवती. ब्रेक मारून बघा, गाडी सरळ थांबते का. मग एका स्पीडब्रेकरवरून हळू. काही आदळल्याचा आवाज आला तर थांबून खाचेत बघा, बंपस्टॉपच्या रबरावर आणि एक्सलच्या नळीवर चकाकता घासलेला डाग दिसेल. 80 किमीच्या वेगाला धडधड आली आणि जोर सोडल्यावर गेली, तर कोनाकडे परत या.

साधारण 150 किमी चालल्यावर यू-बोल्ट आणि खाचेचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. नवे यू-बोल्ट हमखास थोडे सैल झालेले सापडतात. त्याच वेळी पुन्हा एक्सल आणि चासीमधली जागा मोजा आणि वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी लिहा. मागचं खाली आल्यामुळे पुढचे दिवे वर बघायला लागतात आणि समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत जातात, त्यांची उंची भिंतीसमोर उभं राहून परत लावा. आणि हौद्यात माल भरायची वेळ आलीच, तर पाट्यांची ताकद मूळचीच असली तरी एक्सलला वर यायला जागा आता कमी आहे, हे धरून निम्म्याहून कमी भरा.